भोंगा बोलत होता, सुई पडून होती

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनातल्या मनात हसलोय. माझा धंदा रेडिओ आणि लाउडस्पीकरचा. आवाज आला नाही तर कुठेतरी टाका सुटलेला असतो, खरखर आली तर कंडेन्सर गेलेला असतो. याच्यापलीकडे काही असेल असं मला कधी वाटलं नाही. आमच्या दुकानात मी उदबत्ती लावायचो ती डासांसाठी.

तरी हे लिहितोय, कारण ज्याच्याबद्दल लिहितोय तो माझा मोठा भाऊ नाना मागच्या उन्हाळ्यात गेला. तो होता तोवर त्याने हा विषय घरात काढू दिला नाही.

छप्पन-सत्तावन साल असेल. चाळीसगावला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं छोटं दुकान होतं. नाना गिऱ्हाईक सांभाळायचा, झाडावर चढून भोंगे बांधायचा. मी खाली अँप्लिफायरपाशी. तो अँप्लिफायर मीच बनवला होता, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. अडचण एकच... आमच्याकडची माणसं माईकसमोर आली की ओरडायची. भोंग्याच्या आतला पडदा फाटायचा आणि सगळी कमाई त्याच्यात जायची. म्हणून मी आवाज मोजणारे मीटर लावायचं ठरवलं.

मुंबईच्या भंगार बाजारातून लष्कराचे दोन जुने काट्याचे मीटर आणले. काच काढून आत ड्रॉइंगच्या कागदाची नवी पट्टी चिकटवली आणि तिचं उजवं टोक लाल शाईने रंगवलं. दोन भोंगे, दोन मीटर. भोंग्याकडे जाणाऱ्या तारेतूनच एक बारीक फाटा काढून, मध्ये डायोड टाकून तो मीटरला जोडला. म्हणजे भोंग्यात जो आवाज जातो त्याचाच चिमूटभर भाग सुईला मिळायचा. भोंगा बोलला की सुई हललीच पाहिजे. दुसरं काही होऊच शकत नाही. पुढचं सगळं याच्यावर आहे म्हणून सांगून ठेवतो.

दुकानात सुया मस्त नाचल्या. नाना तर लहान मुलासारखा टाळ्या वाजवून बघत होता.

पहिलंच काम पाचोऱ्याच्या बाजूच्या एका गावात मिळालं. जत्रेतल्या कुस्त्या. फडाचे प्रमुख तोताराम आबा नावाचे जुने पैलवान होते, साठीचे, मोठ्या आवाजाचे. त्यांनी माईक हातात घेतला आणि पैलवानांची नावं पुकारायला लागले. भोंगे दणाणले. मी सवयीने मीटरकडे पाहिलं... दोन्ही सुया शून्यावर. काचेवर टिचकी मारली, काही नाही. मग शाळेचे मास्तर बोलायला उभे राहिले आणि सुया लगेच उसळल्या. परत आबा आले, परत शून्य. मी वायर हलवली, टाके तपासले. मास्तरांना हलते, आबांना हलत नाही. असा बिघाड मी कधी ऐकलाही नव्हता.

ऊन उतरता फड संपला. मी वायर गुंडाळत होतो, नाना झाडावर होता. आबा फेटा सोडून खांद्यावर टाकून निघाले, तेवढ्यात त्यांच्याच भाऊबंदातला एकजण मागून चालत आला. पळत नाही, चालत. हातात कुऱ्हाड. बांधाचं जुनं भांडण होतं म्हणे. पहिला घाव मानेवर बसला. आबा गुडघ्यावर आले, वळून बघायला लागले, आणि दुसरा घाव तोंडावर आला. आखाड्याची माती ओली करायला पाणी मारतात ना, तशी ती जागा झाली. बायका मुलांचे डोळे झाकत होत्या. नाना झाडावर तसाच, फांदीला मिठी मारून. मला आठवतं ते एवढंच की मी अँप्लिफायर बंद केला नव्हता, आणि खाली पडलेल्या माईकमधून लोकांचा आकांत भोंग्यावर येत होता आणि दोन्ही सुया लाल पट्टीत जाऊन थरथरत होत्या.

परत येताना मी नानाला सुयांचं सांगितलं. तो चिडला. म्हणाला, तुझं यंत्र बिघडलंय आणि तू एका मेलेल्या माणसावर ढकलतोस. मला ते पटलंही. दुकानात मी दोन्ही मीटर पुन्हा खोलले. दोष सापडला नाही. पुढे लग्नं झाली, भजनं झाली. सुया बिनचूक चालत होत्या, आणि मीही ते विसरायला लागलो होतो.

मग धुळ्याचं काम आलं. गिरणी कामगारांच्या दोन गटांत फाटलं होतं, त्यातल्या एकाची सभा पांझरेच्या काठच्या मैदानावर होती. दुपारीच हवा बिघडलेली होती. समोरच्या गटाची पोरं टोळक्याने उभी होती, आणि कुणीतरी येऊन सांगून गेलं की भोंगे लावू नका. नानाने हसून सोडून दिलं. भोंगे बांधून झाले आणि तो मंचावर जाऊन नेहमीसारखा बोलला, "हॅलो... हॅलो... माईक टेस्टिंग."

आवाज नदीपलीकडे गेला. माझ्यासमोर दोन्ही सुया मेल्यासारख्या पडून होत्या.

मी त्याला परत बोलायला लावलं. शून्य. शेजारी भुईमुगाच्या शेंगा विकणारा म्हातारा होता, त्याच्या तोंडापुढे माईक धरला. तो नुसता खाकरला तरी सुया अर्ध्यावर गेल्या. पुन्हा नाना. शून्य. या वेळी तो स्वतः मीटरपाशी वाकून बोलत होता, त्यामुळे त्यानेही ते पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"चल नाना, सामान राहू दे. आपण निघू," मी म्हणालो.

त्याने माईकची वायर खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "घरी तुझी वहिनी पोटुशी आहे. मला असलं काही ऐकवू नकोस." आणि मंचाकडे गेला.

सभा सुरू झाली आणि पहिलं भाषण संपायच्या आत दगड आले. माणसं इकडून तिकडे पळायला लागली. लाठ्या घेतलेली पोरं मंचावर चढली, एका म्हाताऱ्या कामगाराला त्यांनी केसांना धरून खाली ओढलं आणि तो उठेना तोवर लाथांनी तुडवलं. भोंगे बंद करायचे म्हणून एकजण लोखंडी सळई घेऊन सरळ आमच्याकडे आला. काळा, उंच, कपाळातून रक्त गळत होतं, कुणीतरी त्यालाही मारलेलं असणार. नाना मंचावरून पळत येऊन मशीन वाचवायला मशीनवरच आडवा पडला होता.

मी विचार केला नाही. नानाच्या पाठीवर उडी टाकली आणि त्याचं डोकं माझ्या छातीखाली दाबून धरलं. पहिला फटका माझ्या डाव्या हातावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट आला. दुसरा कानावर. त्या कानाने मी आजतागायत ऐकलेलं नाही. नंतरचे कुठे बसले सांगता येत नाही. काचेचे व्हॉल्व्ह फुटत होते, नाना खालून माझं नाव घेऊन ओरडत होता, सुटायला धडपडत होता आणि मी त्याला सोडत नव्हतो. पोलिसांच्या शिट्ट्या ऐकल्या ते शेवटचं.

शुद्धीवर आलो तेव्हा नाना खाटेशेजारी बसला होता. दोन दात पडले होते, बाकी खरचटणंसुद्धा नव्हतं.

माझा हात जुळेपर्यंत त्याने अँप्लिफायरचे व्हॉल्व्ह बदलून आणले. मी घरी होतो तिथे एका सकाळी मशीन आणून ठेवलं, माईक तोंडाशी धरला, पण बोलेना. वहिनी दारात उभी होती. शेवटी त्याने हळूच माझं नाव घेतलं आणि दोन्ही सुया हलल्या. माईक खाली ठेवून तो भिंतीकडे तोंड करून रडला.

मी मीटर काढून टाकले. पुढे माझ्या ओळखीच्या एका इंजिनियरला कागदावर सर्किट काढून दाखवलं. तो म्हणाला, भोंगा वाजतोय आणि दोन्ही मीटर एकदम बंद, तेही एकाच माणसाला... हे होत नाही. मलाही ठाऊक आहे, होत नाही.

एवढंच असतं तर मी योगायोग म्हणून सोडलं असतं. पण तो सळईवाला शिक्षा भोगून सुटला आणि एक दिवस दुकानात आला. थकलेला दिसत होता. मी ओळखलं आणि उठून उभा राहिलो. त्याने हात जोडले. माफी मागायला आलोय म्हणाला, पण ती माझी मागायची नव्हती.

"तुमना भाऊनी," तो अहिराणीत म्हणाला. "मी त्याना डोकामा सळई हाणी. डोकं फुटनं. मी मन्हा डोयासघाई देखं, तो मरी गयथा."

नानाला मेलेला त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणे. मी त्याला सांगितलं की फटके मला बसले, माझ्या भावाला नाही. कोर्टातही तेच झालं, साक्ष मी एकट्याने दिली होती आणि शिक्षा मला मारल्याबद्दल झाली. तो मान हलवत राहिला. कोर्टात काय लिहिलं ते त्याला माहीत होतं, पण रोज झोपताना डोळ्यांपुढे यायचं ते दुसरंच होतं... मशीनवर पडलेला एकटा माणूस, टाळूवर बसलेली सळई. अंगावर दुसरं कुणी नव्हतंच, असं तो शपथेवर सांगत होता.

तेवढ्यात मागच्या खोलीतून नाना चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि विचारलं, कोण आहे?

त्या माणसाने नानाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याने उंबऱ्यावरच जमिनीला डोकं टेकवलं आणि पाठ न वळवता, मागे मागे चालत रस्त्यावर गेला.