दोन परस सुवार्ता

आमच्या घरी नाताळचं जेवण झालं की कुणीतरी मला ही गोष्ट सांगायला लावतं, आणि माझी बायको लगेच भांडी घेऊन आत जाते. जाता जाता म्हणते, "यंदा खड्डा किती खोल गेला तेवढं मोठ्यानं सांगा, म्हणजे मोरीत ऐकू येईल." तिच्या म्हणण्याप्रमाणे आमचं लग्न झालं तेव्हा तो खड्डा कमरेएवढा होता आणि आता त्यात उंट उभा राहील. म्हणून एकदा लिहूनच टाकतो. खड्डा दोन परस होता. माणूस हात वर करून उभा राहिला की एक परस, असे दोन.

त्या साली पाऊस नव्हता आणि जिल्हा नवा होता. लातूर वेगळं झालेलं, शाळांच्या आणि दवाखान्यांच्या पाट्यांवर नवं नाव रंगवणं चाललेलं. कित्येक गावांत पाण्याआधी रंगाचे डबे पोचले होते. मी तेव्हा नांदेडला होतो, बाविशीत होतो, आणि महिनाभराच्या शिबिरातून सुवार्ता सांगायला शिकून आलो होतो. येशूनं माझं आयुष्य बदललं होतं हे खरंच होतं. पण त्यामुळे इतरांचं मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत बदलू शकेन, ही समजूत माझी स्वतःची होती.

कंधारच्या पुढं हद्द ओलांडली की नव्या जिल्ह्यातलं एक गाव लागायचं. तिथं मी पांढरा सदरा घालून, खांद्याला पिशवी लावून उतरलो आणि लिंबाखाली उभा राहून बोलायला लागलो. विषय मुद्दाम दुष्काळाला साजेसा घेतला होता. भर उन्हात विहिरीवर आलेली एक बाई, आणि तिला जिवंत पाणी देऊ करणारा येशू.

"जिवंत पाणी" म्हटल्याबरोबर पत्ते खेळणारे चौघे पत्ते टाकून आले. मग चावडीवरचे आले. मला वाटलं, ही आपल्या वाणीची करामत.

"जिवंत पानी हाय म्हनता?" एकानं विचारलं.

"आहे."

"आटत न्हाई?"

"कधीच नाही."

"लई खोल हाय का?"

शिबिरात सांगितलं होतं की लोक विचारतील तेच शब्द उचला. मी म्हणालो, "खोल आहे. पण खणणाऱ्याला सापडतं."

"दगूड लागंल?"

"लागेल. प्रत्येकाच्या आत दगड असतोच."

"मंग सुरुंग लावावा लागंल."

"सुरुंगानं नाही फुटत तो," मी आवाज मऊ करून म्हणालो. "प्रेमानं फुटतो."

त्यानं मागं वळून बाकीच्यांना सांगितलं, "सुरुंग लागत न्हाई म्हनून राहिलेत. मुरूमच असंल."

तेवढ्यात एका म्हातारीनं येऊन माझा हात धरला. "माज्या शेतात चल बाबा," म्हणाली. पहिलाच दिवस आणि पहिलाच आत्मा हाती लागलेला. मी मनातल्या मनात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगायची वाक्यं जुळवत तिच्यामागं निघालो.

वाटेत तिनं सगळं सांगितलं. दोन लेक. वाटणी झाल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. विहीर बांधावर, निम्मी थोरल्याची, निम्मी धाकट्याची. तिच्यात गाळ भरलेला. आपण काढला तर दुसऱ्याचा फायदा होईल म्हणून दोघंही उतरत नव्हते. आता धाकटा बायकापोरं घेऊन हैदराबादला निघाला होता, बांधकामावर.

"पानी लागलं तर ऱ्हाईल म्हन्तो," म्हातारी म्हणाली. "गेलेलं मानूस परत येत न्हाई बाबा. तू जिल्ह्याहून आलास ना? तेवढं पानी दाव."

जिल्हा ऐकून मी जरा अडखळलो. पण तोवर शेत आलं होतं आणि कुणीतरी माझ्या तळहातावर नारळ ठेवला होता. मला वाटलं, सत्कार. नारळ घेऊन मी दोन्ही शेतांतून हिंडलो, मागून तीस-चाळीस माणसं. ऊन डोक्यावर, पोटात सकाळचा चहा, हात भरून आलेला. बांधावर ढेकळाला ठेच लागली, मी तोल सावरला, आणि आडवा नारळ तळहातावर उभा राहिला.

"उभा ऱ्हायला," कुणीतरी हळूच म्हणालं.

लोकांनी चपला काढल्या. एकानं त्या जागी राखेनं गोल आखला. "पानाडे म्हाराज, पानी प्या," म्हणून तांब्या पुढं आला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला: जिल्ह्यानं पाठवलेला, नारळावरून जमिनीतलं पाणी दाखवणारा पाणाड्या समजले होते मला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण म्हातारी रडत होती, आणि खरं सांगायचं तर एवढी माणसं माझं ऐकायला पहिल्यांदाच जमली होती. मी लांबलचक प्रार्थना केली आणि मिळाली ती गाडी पकडली.

पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मिशीआड काय चाललं होतं ते कळलं नाही. मग म्हणाले, "सुवार्ता सांगायला गेलास आणि थाप मारून आलास. उद्या जा. खरं काय ते सांग." मी दारापर्यंत गेलो तेव्हा पुन्हा हाक मारली. "जुने कपडे घालून जा."

मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. पोट दुखत असल्याचं मीच मला दोन दिवस पटवून दिलं. चौथ्या दिवशी गेलो तर खड्डा दोन परस झालेला. खाली दोघं भाऊ, मध्ये दोरी आडवी टाकलेली, आपापल्या अर्ध्यात खणत होते. म्हातारी काठावर बसून निरोप पोचवत होती.

"आई, त्याला म्हन, माती माज्याकडं लोटू नको."

"आरं, तो म्हन्तो माती लोटू नको."

"त्याला म्हन, आधी दोरी सरळ लाव."

मी काठावर उभा राहिलो आणि डोळे मिटूनच बोललो. "मी पाणाड्या नाही. जिल्ह्याचाही नाही. मी येशूची सुवार्ता सांगायला आलो होतो. नारळ का उभा राहिला मला माहीत नाही. ढेकळामुळं असावा."

टिकाव थांबले. थोरल्यानं मान वळवली आणि दोरीपलीकडं बघितलं. निरोप नाही, काही नाही, सरळच.

"ऐकलं का रं, हे काय म्हनून राहिलंय?"

"ऐकलं," धाकटा म्हणाला. "दादा, आधी ह्याला खाली घे."

मला खाली घेतलं. मारतील असं वाटलं होतं, त्यांनी फावडं दिलं. तासाभरात तळहाताला फोड आले. दोघं मला सामाईक शिव्या देत होते. एकाला शब्द सुचला नाही तर दुसरा पुरवत होता.

थोड्या वेळानं धाकट्यानं विचारलं, "मंग ते जिवंत पानी काय व्हतं?"

दम लागलेला, शिबिरातलं एकही वाक्य आठवेना. म्हणालो, "येशूनं ज्यांनी त्याला मारलं त्यांनाही माफ केलं. मलाही केलं. माझ्या आत लई कोरडं होतं, ते तेवढ्यानं ओलं झालं. तेच सांगायला आलो होतो."

"म्हंजी माफ करायचं?"

"हो."

"समोरच्यानं मागितली न्हाई तरी?"

"तरी."

मग थोरला टिकाव उचलत म्हणाला, "लई अवघड काम हाय. त्यापरीस खनलेलं बरं."

त्या खड्ड्याला पाणी लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काळा पाषाण लागला आणि टिकावाचं टोक मोडलं. काठावरून म्हातारी म्हणाली, "एका खड्ड्यात दोघं उतरलाव. मंग जुन्या हिरीत उतराय काय धाड भरली तुमाला?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी घमेलं उचललं. चार दिवस तिघांनी गाळ काढला. पाचव्या दिवशी सकाळी तळाशी कपारीतून बोटभर धार येत होती. जिवंत झरा, गाळाखाली दबलेला. दुपारपर्यंत घोट्याएवढं पाणी झालं. धाकट्याच्या बायकोनं बांधलेली बोचकी ओट्यावर आणून सोडली. त्या पाण्याचा पहिला पेला तिनं मला दिला. गढूळ होता.

त्या गावात ख्रिस्ती कुणी झालं नाही. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं. पण त्या नाताळला दोघं भाऊ एकाच गाडीनं नांदेडला आले, उपासनेत मागच्या बाकावर शेजारी शेजारी बसले, आणि बाहेर आल्यावर थोरल्यानं पिशवीतून नारळ काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"बघा म्हाराज, अंगनात कुटं हाय का."

त्यानंतर ते दर वर्षी येत राहिले. पुढं माझं लग्न झालं, तरी नारळ चुकला नाही.

हे लिहून बायकोला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "दोन परस नव्हता. तो खणणाऱ्या धाकट्या भावजींनीच मला सांगितलंय. दीड."

तर दीड. वर दुरुस्त करून घ्यावं. मथळा तेवढा राहू देतो.