अडीचशे वर्षांपूर्वीचं माहेर

माझी सून जर्मन. मुलगा इथे आखातात फुजैराच्या बंदरावर नोकरीला, घरी येणार शनिवार-रविवारी. आमचे हे दिवसभर अल क्वोजच्या गोदामात. त्यामुळे डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. तिला सातवा महिना लागला होता. आई-वडील लग्नाआधीच गेलेले, भावंड नाही. म्हणूनच की काय, बाळ येण्याआधी आईकडची माणसं शोधायचा तिनं ध्यास घेतला होता. आईची आई, तिची आई असं करत ती अठराव्या शतकातल्या एका खेड्यात पोचली आणि तिथल्या एका बाईपाशी अडकली. बाईचं सासर सापडलं होतं, माहेर सापडेना.

मला आधी या उद्योगाचं हसू यायचं. आमच्याकडे पणजीचं नाव विचारा, चार जण चार नावं सांगतील. पण तिच्या शेजारी मेथी निवडता निवडता माझंही डोकं त्यात गुंतलं. लॅपटॉपवर चर्चच्या जुन्या वह्यांचे फोटो, त्यात मुंग्यांसारखं अक्षर. ती वाचून सांगायची. बाईच्या धाकट्या पाच मुलांचा बाप्तिस्मा नवऱ्याच्या गावात झालेला, थोरल्या मुलीचा मात्र तिथं नाही. पान हरवलं असेल म्हणून ती हिरमुसली.

मी म्हटलं, "पान कशाला हरवेल? पहिलं बाळंतपण माहेरी असतं. आजूबाजूची गावं बघ."

जर्मनीत अशी रीत नाही, असं तिनं मला समजावलं. मी ऐकून घेतलं नाही. बाई कुठलीही असो, पहिल्या खेपेला तिला आई जवळ हवी असते. माझं मन राखायला तिनं शेजारच्या गावांच्या वह्या उघडल्या, आणि तिसऱ्या गावात थोरली सापडली. सोबत तिच्या आईचं माहेरचं आडनाव, आणि बाप्तिस्म्याला बाळ हातात धरणारी म्हणून बाळाच्या आजीचं नाव. यामागे दुसरी कारणंही असू शकतात, असं सून म्हणाली. असतील. मी शिरा करायला घेतला.

शिरा खाता खाता तिनं वाटी खाली ठेवली. मग जपून जुळवलेल्या मराठीत म्हणाली, "आई, मग मी कुठे जायचं?"

पहिलं बाळंतपण माहेरी, असं तासभर मीच मिरवत होते, आणि समोरच्या पोरीला जायला माहेर नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. स्वतःचा असा राग आला.

"कुठे म्हणजे? इथेच. माझं सासूपण आजपासून खलास."

संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, मग सासू कोण? ती जागा तुम्ही घ्या, म्हटलं.

घरात आल्यापासून ती स्वतःचा कप स्वतः धुवून ठेवायची. नको म्हटलं तरी ऐकायची नाही. दुसऱ्या दिवशी नऊला उठली, सोफ्यावर पाय घेऊन बसली आणि तिथूनच चहा मागितला. पिऊन झाल्यावर कप तिथेच ठेवून पुन्हा जाऊन झोपली. तो कप मी धुतला, आणि धुताना मला फार आनंद झाला.