अकराची मीटिंग

कुठलंही अंतर विचारलं की डोंगरावरच्या मावशी आधी उलट विचारायच्या, "जाताना का येताना?" उतरायला तास, चढायला दोन, त्यांच्या लेखी त्या दोन वेगळ्या वाटा होत्या.

वेल्ह्याच्या डोंगरात, शेळ्या-मेंढ्यांवर जगणारी आठ घरांची त्यांची वाडी. तिथलं आमच्या आरोग्य संस्थेचं काम मावशी बघायच्या. कोण आजारी, कोण बाळंतीण, सगळं त्यांना तोंडपाठ. मी भोरच्या ऑफिसात बसून मीटिंगा ठरवायचो. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये 'अकरा' टाकलं की माझं काम संपलं. मावशी डोंगर उतरून एसटी धरायच्या, नसरापूरला दुसरी बदलायच्या आणि कायम पाऊण तास उशिरा पोचायच्या. दाराशी चपला काढून मागच्या खुर्चीत बसायच्या. वेळ पाळायला शिका, असं मी त्यांना एकदा सगळ्यांदेखत सुनावलं होतं.

डोळेतपासणीचं शिबिर कुठं घ्यायचं, ती मीटिंगही मी अकरालाच ठेवली. मावशींना ते वाडीवर हवं होतं. त्यांच्या जाऊबाईंना दिसायचं कमी झालं होतं आणि गुडघ्यांमुळे डोंगर उतरवत नव्हता. मावशी आल्या तोवर शिबिर हायवेला, किकवीत, ठरूनही गेलं होतं. वेळेवर आला असतात तर बोलता आलं असतं, असं मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "सर, पयल्या एसटीनंच येते मी. त्येच्या आधी गाडी न्हाई."

चार वर्षांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं. तरीही तेव्हा ठरलेलं मोडायचा मला कंटाळा आला. पुढच्या वर्षी नक्की वाडीवर घेऊ, एवढंच म्हणालो.

पुढच्या वर्षी घेतलंही. चढताना मी दोनदा बसलो. डॉक्टरांनी जाऊबाईंना तपासलं. काचबिंदू होता, वर्षभरात गेलेली नजर परत येणार नव्हती. मावशी शेजारीच उभ्या होत्या. सगळ्यांना चहा दिला, मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "आता ह्ये काम मला जमायचं न्हाई, सर. तिच्यापाशी कुनीतरी लागतंय."

हल्ली मी मीटिंग दुपारी एकला ठेवतो. त्याआधी प्रत्येकाला, घरून किती वाजता निघावं लागेल, ते विचारतो. मावशींच्या वाडीवरून मात्र आता कुणी येत नाही.