स्थळवाल्या काकूंचा चष्मा

स्थळवाल्या काकू कुणालाही आधी पाणी देत, मग चष्म्यावरून नीट न्याहाळत, आणि मगच मुलीचा फोटो दाखवत. कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत त्यांचं वधू-वर सूचक मंडळ होतं. मी तिथे संगणकाचं काम बघायचे. "फोटो आपल्याकडे ठेव म्हणून दिलाय, वाटायला नाही," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मुलींचे फोटो, पत्ते, फोन नंबर ईमेलवर यायचे. ते उघडताना स्क्रीनवर जाहिराती उसळायच्या. एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक मुलासाठी स्थळं बघत होते, तेवढ्यात अर्ध्या कपड्यांतली एक बाई स्क्रीनभर पसरली. काकूंनी शांतपणे समोर फाइल धरली आणि म्हणाल्या, "अहो, ही आमच्याकडची नव्हे."

ते गेल्यावर काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यावर काहीतरी शोध. पण घाई करू नकोस."

मी घाई केली. जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर शोधलं, पहिलंच दिसलं ते घेतलं. फुकट होतं. त्याने कसलीशी परवानगी मागितली, मी न वाचता देऊन टाकली. आठवडाभर शांतता होती. मग जाहिराती दुपटीने आल्या, नको ती पानं आपोआप उघडू लागली. दुरुस्तीला आलेले गृहस्थ म्हणाले, "अहो, जाहिराती आणणारं हेच आहे. तुम्ही जे उघडता ते सगळं याला दिसतं."

"म्हणजे मुलींचे फोटो गेले?" काकूंनी विचारलं.

"गेले असतील, नसतीलही. सांगता येत नाही."

त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. वही घेऊन फोनशी बसल्या आणि एकेका घरी फोन लावू लागल्या. "माझ्याकडून चूक झाली आहे. तुमच्या मुलीचा फोटो आणि नंबर कदाचित बाहेर गेला असेल. अनोळखी फोन आला तर मला लगेच कळवा." मी समोर बसून प्रत्येक वेळी तेच वाक्य ऐकत होते. एका मुलीच्या वडिलांचा आवाज मला टेबलापलीकडेही ऐकू आला. काकू फक्त "बरोबर आहे तुमचं" म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, मी सांगते ना त्यांना, माझ्यामुळे झालं." त्यांनी पुढचा नंबर फिरवत म्हटलं, "पाटीवर नाव माझं आहे."

संध्याकाळी मी पिशवी उचलली. उद्या येऊ नकोस म्हणतील असंच वाटत होतं. त्या म्हणाल्या, "उद्या लवकर ये. दुसरं निवडायचंय, आणि ते तूच निवडायचंस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला प्रत्येक सॉफ्टवेअरची माहिती मोठ्याने, मराठीत सांगायला लावली. कुणी बनवलं? किती वर्षं चालू आहे? "फुकट देतो, मग पोट कशावर भरतो?" एकाचं उत्तर कुठेच सापडेना. "राहू दे." दुसऱ्याबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. "हेही राहू दे." मी म्हटलं, "काकू, पानं वाचायची परवानगी सगळेच मागतात. त्याशिवाय जाहिरात अडवता येत नाही." "मग मागणारा कोण ते तरी बघ." शेवटी, ज्याचं आतलं काम कुणालाही तपासता येतं असं एक आम्ही घेतलं. तरीही त्यांनी सगळे फोटो इंटरनेट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर हलवायला लावले.

जाहिराती थांबल्या. पण पुढे कित्येक महिने फोन वाजला की आम्ही दोघी एकदमच मान वर करायचो. तीन घरांनी आपल्या मुलींचे कागद परत नेले. कुणाला त्रास झाल्याचा फोन मात्र आला नाही.

गुडघे थकल्यावर काकूंनी मंडळ बंद केलं. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले, तर त्यांनी हळूच विचारलं, "त्या मुलींपैकी कुणाला काही त्रास?"

"नाही, काकू."

"चौकशी करत राहा."

त्यांना जाऊन वर्ष झालं. जुन्या वहीतल्या घरांना मी अधूनमधून फोन करते. समोरून "कोण?" असं आलं की मी आधी माझं नाव सांगते, आणि चूक माझी होती हेही.