हनुवटी जरा खाली

फोटोग्राफरकाकांना सगळे पाठीमागे 'हनुवटी' म्हणत, कारण तीस वर्षं समोर बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी एकच वाक्य ऐकवलं होतं: हनुवटी जरा खाली. मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला आणि जो तो फोटोग्राफर झाला. काकांच्या स्टुडिओत उरले पासपोर्टचे फोटो आणि एक निळा पडदा.

पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा तिने साफ सांगून टाकलं, की फोटो मैत्रिणी काढतील, काकांनी नुसतं मिरवायचं. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काकू मात्र मनातून खूश. घरात जगाच्या फोटोंचे ढीग, पण नवराबायकोचा एक धड फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आता तरी एक मिळावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

लग्नात पुतणीने दोघांना खिडकीपाशी उभं करून मोबाईलवर सटासट वीसेक फोटो काढले. बघते तर काय, प्रत्येकात काकांचा डावा डोळा मिटलेला. तीस वर्षं डावा डोळा मिटूनच कॅमेऱ्यातून बघितलेलं, त्यामुळे कॅमेरा दिसला की तो आपोआप मिटायचा. जित्याची खोड ती! काकांनी डोळ्यांवर पाणी मारलं, डोळे वटारून पाहिले, पण ऐन वेळी डावा दगा द्यायचाच. काकू हसल्या खऱ्या, पण त्यांचा चेहरा उतरला.

"राहू दे गं," त्या पुतणीला म्हणाल्या, "आमच्या नशिबातच नाही तो फोटो."

हे मात्र काकांना लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बायका छान दिसाव्यात म्हणून घाम गाळला आणि घरची तशीच राहिली, याची त्यांना मनापासून लाज वाटली. मोबाईलचा नाद सोडून ते काकूंकडे वळले. कपाळावरची बट कानामागे सारली, त्यांना उजेडाकडे किंचित फिरवलं.

"हनुवटी जरा खाली," ते हळूच म्हणाले.

काकू चक्क लाजल्या आणि पुतणीने तेवढ्यात डाव साधला.

तो फोटो आता स्टुडिओच्या काचेत आहे. तो बघून जोडपी आत येतात, आपापले मोबाईल घेऊनच. फोटो बहीण नाहीतर मित्र काढतो. कुठे उभं राहायचं, उजेड कुठून घ्यायचा, ते काका सांगतात. काच पुसायचं काम काकूंनी आपल्याकडे घेतलंय. पुसताना त्या रोज एकदा खात्री करून घेतात: दोन्ही डोळे उघडे आहेत, आणि दोन्ही आपल्याकडेच.