म्हशीएवढ्या रानाचा श्रीमंत

परभणी जिल्ह्यातल्या सगळ्यात श्रीमंत मानसाच्या मांडीला मांडी लावून मी दर साली जेवलोय, हे काय कुन्या ऐऱ्यागैऱ्याचं काम न्हाई. आता त्या मानसाचं रान एवढं होतं, की त्यात म्हैस आडवी झाली तर तिची शेपूट शेजाऱ्याच्या बांधावरच्या माशा हाकायची. त्यो मानूस म्हंजे माझा साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या भैनीचा नवरा. राणीसावरगावच्या शिवारात, डांबरी रस्त्याच्या कडंला त्यांची ती पट्टी होती. लांबीला बरी, पन रुंदीला इतकी चिंचोळी की औत वळवायचं तर बैलं शेजाऱ्याच्या रानात न्यावी लागायची, अन् दर वळनाला शेजाऱ्याला रामराम घालावा लागायचा. साडूभाऊ म्हनायचे, "मोठ्या रानवाल्याला दिवसभर मानूस दिसत न्हाई. मला बघा, जरा चाललं की मानूस."

माझं इचाराल तर मला म्हशीच्या शेपटीएवढं बी रान न्हाई. स्टँडवर पानटपरी हाय. शाळेच्या दारापत्तुर गेलो होतो, पन गुरुजी आत होते म्हनून परत आलो. त्यामुळं कोन श्रीमंत अन् कोन गरीब, हे मला उमगत न्हाई. ज्याच्या खिशात सोताची काडीपेटी असती, त्यो मला श्रीमंत वाटतो. साडूभाऊंचं माप येगळंच होतं. ते बंगला इचारायचे न्हाईत, गाडी इचारायचे न्हाईत, हिरीला पानी किती हे बी न्हाई. नवा मानूस भेटला की पैला सवाल, "तुमच्याकडं परक्या मानसानं जेवून हात कधी धुतला?" ज्याच्या रानात घरचं सोडून दुसऱ्यानं हात धुतला, त्यो श्रीमंत. बाकीचे नुसते पोट भरनारे. अन् ते हात धुतलेलं पानी रानात मुरलं की त्या साली पीक चांगलं येतं, असं बी ते म्हनायचे. त्यांचं पीक कधी चांगलं आलेलं मी बघितलं न्हाई, पन पानी लय मुरलं.

एकदा सोयाबीन घालायला त्यांच्यासंगं गंगाखेडला गेलो. सोयाबीन म्हंजे दोन पोती. एक त्यांनी उचललं, दुसरं बी त्यांनीच उचललं, मी भाकरीची पिशवी धरली. आडतीचं दुकान तीन मजली, गादीवर शेठ बसलेले. साडूभाऊंनी भाव इचारायच्या आधी इचारलं, "शेठ, काल तुमच्या घरी कोन जेवलं?" शेठ कावले. "अरे बाबा, शुगर हाय मला. डॉक्टर मलाच जेवू देईना, दुसऱ्याचं काय घेऊन बसलास?" साडूभाऊंचं तोंड उतरलं. माझ्या हातातल्या पिशवीतून भाकर काढली, वर ठेचा ठेवला अन् फडक्यासकट शेठपुढं सारली. बाहेर आल्यावर म्हनाले, "लय हाल हायेत हो बिचाऱ्याचे." मी म्हनलं, "साडूभाऊ, ती भाकर माझी होती." तर म्हनाले, "मंग आज तुमी श्रीमंत झालात." श्रीमंतीत पोटात एवढे कावळे वरडतात, हे मला तवा कळालं.

पन त्यांची खरी श्रीमंती बघायची तर येळवशीला. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या त्या आवशीला, म्हंजे आमावश्येला, सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप, म्हंजे खोपटं करायचं, तिच्यात पाच दगडं चुना लावून मांडायची, ते पांडव. त्यांची पूजा करायची, रानभर आंबील शिंपडायची, अन् मंग सगळ्या भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, जेवढं पोटात मावंल तेवढं. ज्याला रान न्हाई त्याला रानवाल्यानं आदल्या दिवशी घरी जाऊन आवतन द्यायचं, अशी रीत. साडूभाऊ आवतन द्यायला निघाले की गावच संपून जायचं. एका साली गाव कमी पडलं म्हनून येळवशीच्याच दिवशी ते रस्त्यात आडवे झाले अन् यष्टी थांबवली. डायव्हरला वाटलं पुढं आक्सिडंट झालाय.

"काय झालं हो?"

"भज्जी झाली. उतरा."

कंडक्टर म्हनला, "आमाला टाइम हाय." साडूभाऊ म्हनाले, "मंग पोटाला न्हाई का?" गाडीतली सगळी उतरली. साडूभाऊंच्या रानात कोप मांडली की रान भरायचं, म्हनून पंगत शेजाऱ्याच्या हरभऱ्याच्या कडंला बसली. शेजारी वरडला, "रान माझं अन् नाव तुझं व्हय रं?" साडूभाऊंनी त्याचा हात धरला. "तू बी बस. तुझ्याच रानात तुला आवतन देतो." मी त्या दिवशी इतका जेवलो, की गाडी निघताना लोकांनी मला पाशिंजर समजून आत घातलं. गंगाखेडला कंडक्टरनं हलवलं तवा जागा झालो.

मंग त्यो रस्ता चौपदरी झाला. मोजनीवाले आले, खुट्या ठोकल्या. शेजाऱ्याचं रान कडंकडंनं गेलं, साडूभाऊंचं सगळंच गेलं. रानाच्या बदल्यात सरकारचा मावेजा मिळाला. किती मिळाला हे माझ्या टपरीवर ठरायचं. गिऱ्हाइकानं पान लावायला सांगितलं तवा त्यो लाखात असायचा, पिचकारी मारेपत्तुर करोडात जायचा. खरं म्हंजे म्हशीएवढ्या रानाचा मावेजा म्हशीएवढाच येनार. आक्कांच्या, म्हंजे माझ्या मेव्हनीच्या गुडघ्याचं आपरेशन झालं, घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. उरल्यात दुसरं रान घ्यावं म्हनून आमी दोघं पार पेडगावपत्तुर हिंडलो. पन ज्याला इचारावं त्यो म्हनायचा, "तुमाला काय कमी हाय आता," अन् भाव चढवायचा. स्लॅब दिसायचा लोकाला, गुडघा कुनाला दिसनार? गाव त्यांना शेठ म्हनायला लागलं. कुनी 'शेठ' म्हनलं की साडूभाऊ मागं वळून बघायचे, कोन आलंय म्हनून.

रस्ता झाल्यावरची पैली येळवस आली. मला आवतनांची रांग. बिनरानाचा मानूस त्या दिवशी लय मोठा असतो. सकाळी साडूभाऊंकडं गेलो, तर ते धुतलेलं धोतर नेसून उंबऱ्यावर बसलेले. आत आंबिलीनं भरलेलं मोठं मडकं. मी आक्कांकडं बघितलं. त्या म्हनल्या, "सवयीनं घातली पाव्हनं. हाताला कुठं कळतं रान गेलंय म्हनून?"

साडूभाऊ म्हनाले, "साडू, तुमच्यापाशी कुनी काय बोललं का?"

"कशाबद्दल?"

"न्हाई, असंच."

तवा माझ्या ध्यानात आलं. अख्ख्या गावाला जेवू घालनाऱ्या मानसाला गावातल्या एकानं बी आवतन दिलं न्हवतं. वाईटपना कुनाच्या मनात न्हवता. जो त्यो हेच म्हनायचा, त्यो आता मोठा मानूस, त्याला आपली भज्जी काय सांगावी. मी म्हनलं, "उठा. माझं आवतन हाय, त्यात तुमी बी." जन्मभर दुसऱ्याला हाताला धरून नेनारा मानूस, माझ्यामागं मुकाट चालायला लागला.

ज्याचं आवतन होतं त्या रानवाल्यानं लांबूनच बघितलं. "आरं, शेठ आले! खुर्ची आना!" मोटारसायकलवर पोरगं पळालं अन् गावातून पलास्टिकची खुर्ची आली. आमी सगळे खाली पंगतीला, साडूभाऊ एकटे वर खुर्चीत. मला तिघांनी तीन बाजूनं आग्रह केला, नको म्हनायच्या आत पत्रावळीत खीर पडली. त्यांना रानवाला हात जोडून म्हनला, "शेठ, आमचं चालंल का तुमाला?" त्यांनी एक उंडा खाल्ला. हात धुवायला त्यांना उठू बी दिलं न्हाई, खुर्चीतच इकतच्या बाटलीतलं पानी वतलं. साडूभाऊ आपल्या वल्ल्या हाताकडं बघत बसले. मंग रानवाल्याला म्हनाले, "आज तुमी श्रीमंत झालात."

रानवाला हसला. "घ्या! शेठ गरिबाची चेष्टा करायलेत."

सगळी पंगत हसली. मी बी हसलो, तोंडात खीर होती तरी.

घरी आलो. साडूभाऊंनी आंबिलीचं मडकं खांद्यावर घेतलं. आक्कांनी भज्जी-उंड्यांचं टोपलं घेतलं, मी तांब्या घेतला. कुठं जायचं हे कुनी इचारलं न्हाई. रस्त्यावर येऊन साडूभाऊ कडंच्या लोखंडी कठड्यापाशी थांबले. "हितं कोप असायची." खाली पडलेली खडी येचून पाच दगडं मांडली, अन् डांबरावर आंबील शिंपडली. मंग पैल्यासारखा हात वर केला. "या हो! जेवायला या!" गाड्या सूंऽऽ करून जायलेल्या. एक पिकप जरा हळू झाली. साडूभाऊ दोन पावलं पुढं गेले. डायव्हरनं मुंडकं बाहेर काढलं. "जागा न्हाई काका, फुल्ल हाय!" अन् गेला. साडूभाऊंचा हात बराच येळ तसाच वर होता.

मला गप बसवत न्हाई, हा माझा जुना रोग. मी म्हनलं, "साडूभाऊ, तोंड कामून पाडता? एवढं लांब रान अख्ख्या जिल्ह्यात कुनाचं हाय का? हितून जे सुरू झालं ते दिसतंय तिथपत्तुर तुमचंच!" कुनी हसलं न्हाई. मंग मी टावेल हातरला अन् बसलो. पोटात जागा न्हवती, तरी दोन उंडे खाल्ले, आंबील प्यालो. तांब्या घेऊन त्यांच्यासमोर हात धुतला अन् हात वर करून दाखवला. "बघा. परक्या मानसानं हात धुतला. तुमी हायात तसेच श्रीमंत."

ते माझ्या हाताकडं बघत न्हवते. खाली डांबरावर बघत होते. पानी उताराला लागून कडंच्या मातीकडं चाललं होतं, पन मातीपत्तुर जायच्या आतच उन्हानं वाळलं.

"मुरंना हो," ते म्हनाले.

मी टावेल झटकला, खांद्यावर टाकला. म्हनलं, "पुढच्या साली बी हितंच येऊ साडूभाऊ. मी हायच की."

आक्का मडकं उचलायला वाकल्या होत्या. माझ्याकडं न बघताच म्हनल्या, "तुमाला काय हो पाव्हनं. फुकट जेवनाऱ्याला रान काय अन् रस्ता काय."