एका ओळीत एक ॲम्प्युल

"ह्याच्यात पण काच हाय," हेमा मास्कच्या आत पुटपुटली आणि तिने सतरावी ॲम्प्युल लाल ट्रेमध्ये ठेवली.

मी तिच्या मागे उभी होते. मला बोलायची परवानगी नव्हती, कारण परीक्षा चालू होती. पण मला दिसत होतं. त्या ॲम्प्युलमध्ये काच नव्हती, साधा बुडबुडा होता. लाल ट्रे म्हणजे बाद माल. शंभरातल्या सतरा ॲम्प्युल तिने बाद केल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या चांगल्या होत्या. वर गंमत अशी की एक खरी काचवाली ॲम्प्युल तिने पास करून टाकली.

आमच्या क्वालिटीच्या नेहा मॅडमनी कागदावर लिहिलं, फेल. दुसऱ्यांदा फेल.

"मावशी, दहा दिवसांनी तिसरी आणि शेवटची," मॅडम मला बाहेर येऊन म्हणाल्या. "त्यातही नाही झालं तर मी तिला व्हिज्युअलला बसू देऊ शकत नाही. नियम आहे."

"आठ वर्षं बसतेय ती, मॅडम."

"म्हणूनच तीन वेळा देतोय."

आता तुम्हाला आमचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तारापूरच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत मी सव्वीस वर्षं काढली. दहावी झाल्यावर लग्न, मग पॅकिंगला हेल्पर, आणि शेवटी व्हिज्युअल सेक्शनची सुपरवायझर. इंजेक्शनचं औषध काचेच्या छोट्या बाटलीत असतं, तिला ॲम्प्युल म्हणतात. भरून झाली की ती प्रत्येक ॲम्प्युल माणसाने डोळ्यांनी बघायची. बूथमध्ये दिवा असतो, एक काळा फळा आणि एक पांढरा फळा. ॲम्प्युल मानेला धरायची, हळूच फिरवायची, पाच सेकंद काळ्यापुढे आणि पाच सेकंद पांढऱ्यापुढे. काळ्यावर काच आणि धागा चमकतो, पांढऱ्यावर काळा कण दिसतो. बुडबुडापण चमकतो, पण तो वर जातो आणि काच खाली बसते. एवढंच आमचं शास्त्र. मशीन आलं तर येऊ दे, तोपर्यंत बायकांचे डोळे.

ह्या डोळ्यांची दर वर्षी परीक्षा होते. चांगल्या ॲम्प्युलमध्ये मुद्दाम खराब मिसळलेल्या असतात. खराब सगळ्या सापडल्या पाहिजेत आणि चांगल्या तीनपेक्षा जास्त बाद व्हायला नकोत.

हेमा जवळच्या दांडी गावची. घरची होडी, नवरा आणि दीर समुद्रावर. मासेमारी बंद असते तेव्हा ह्या बाईच्या पगारावर घर चालायचं. ती कॉन्ट्रॅक्टवर होती. व्हिज्युअलमधून काढली तर कॉन्ट्रॅक्टर तिला दुसरीकडे लावेल असं तोंडाने म्हणत होता, पण दुसरीकडे जागा नव्हती हे कँटीनच्या भांडीवालीलाही माहीत होतं.

आणि ही तीच हेमा, आठ वर्षांत जिचा एक ट्रे परत आला नव्हता! बिघडलं ते दोन महिन्यांपूर्वी. आम्ही पास केलेल्या मालातून क्वालिटीवाले थोडा माल उचलून पुन्हा बघतात. त्यात हेमाच्या ट्रेमधून काचेचा कण निघाला. माल बाहेर गेला नाही, सगळा ट्रे पुन्हा तपासला, विषय संपला. पण हेमाच्या डोक्यातून तो कण काही निघेना. तेव्हापासून तिला सगळीकडे काच दिसायला लागली. मॅडमनी तिला परीक्षेला बसवलं, ती फेल झाली. आता दुसऱ्यांदा झाली.

मला वाटलं, बाई खचलीय, तिला हिंमत दिली पाहिजे. आणि हिंमत द्यायचं माझं साधन एकच, सिनेमा. माझं अर्धं शिक्षण टॉकीजात झालंय, मी लपवत नाही. कँटीनमध्ये सिनेमाची स्टोरी सांगावी तर मीच, गाण्यांसकट, फायटिंगसकट. पोरी डबा गार करून ऐकायच्या. म्हणून दुसऱ्या दिवशी मी जेवताना एक मस्त स्टोरी काढली. दोनदा हरलेली हिरॉइन, कोच हाकलून देतो, आई रडते, मग एक जोरदार गाणं, त्यात ती पळते, घाम गाळते, आणि तिसऱ्या वेळेला जिंकते. मी शेवटी टेबलावर हात आपटून टाळ्यापण वाजवून दाखवल्या.

हेमाने सुकट-भाकरीचा घास खाली ठेवला.

"मावशी, तिला तिसऱ्या वेळेला पास करायचं ते डायरेक्टरच्या हातात हाय. माझा डायरेक्टर कोण? त्या नेहा मॅडम. त्या काय गाणं लावून मला पळवणार हायेत?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण स्टोरी वाया गेली. हेमा डबा बंद करून निघून गेली.

पिंकी तेवढी हसली नाही. पिंकी बिहारची, सालवडला भाड्याच्या खोलीत राहते, हेमाच्या शेजारच्या बूथला बसायची. ती माझ्याजवळ सरकली.

"मौसी, दीदी आजकल गाती नहीं है."

"काय?"

"दो महीने से. पहले मास्क के अंदर गाती थी ना, मेरे को सुनाई देता था. अब एकदम चुप."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. कारण ते गाणं मीच तिला लावून दिलं होतं!

हे आमच्या सेक्शनचं गुपित होतं, कुठल्याच साहेबाला माहीत नसलेलं. मी नवीन लागले तेव्हा मला पाच सेकंद मोजता यायचे नाहीत. पाचपर्यंत मोजायची, पण टार्गेटच्या घाईत मोजणंच पळायचं. तीन सेकंदांत पाच आकडे. मग मी एक युक्ती काढली. सिनेमातलं एक संथ गाणं घेतलं, ज्याची एक ओळ बरोबर दहा सेकंदांची. अर्धी ओळ काळ्यापुढे, अर्धी पांढऱ्यापुढे, ओळ संपली की पुढची ॲम्प्युल. आकडे पळतात, गाणं पळत नाही, त्याची चाल ठरलेली असते. पुढे मी सुपरवायझर झाले आणि नवीन आलेल्या प्रत्येक पोरीला पहिल्या आठवड्यात गाणं शोधून द्यायला लागले. पिंकीचं भोजपुरी होतं. हेमाचं होतं एक जुनं, रेडिओवर लागणारं, वादळातून नाव किनाऱ्याला लागेल असं धीराने सांगणारं. गाण्याचं नाव सांगत नाही, सांगितलं की तुम्ही गुणगुणायला लागाल आणि वाचायचं राहील.

संध्याकाळी शिफ्टच्या बसला वेळ होता. गेटबाहेर हेमाला गाठलं.

"गाणं का सोडलंस?"

तिने चपलेने खडी ढकलली. मग म्हणाली, "मावशी, तुमी ओरडणार."

"ओरडेन. सांग."

"तो कण सुटला ना माझ्याकडून, त्याच्या आदल्या दिवशी भाच्याची हळद होती. डीजे होता. ते एक नवीन गाणं हाय बघा, रीलवर सगळीकडे वाजतं, त्याच्यावर आमी सगळ्या नाचलो. पाय दुखेपर्यंत नाचलो. सकाळी बूथला बसले तर डोक्यात तेच. मी माझं गाणं आणायला बघते, येतच नाय. म्हटलं जाऊ दे, ह्याच्यावरच करू, ओळ ती ओळ."

"आणि त्या गाण्याची ओळ किती?"

"ते कुठं मोजलं मी?"

मी तिथेच, गेटवर, तिला ते गाणं म्हणायला लावलं आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. सिक्युरिटीवाला बघत होता, बघू दे. एक ओळ, साडेपाच सेकंद. म्हणजे काळ्यापुढे जेमतेम पावणेतीन. काच खाली बसायच्या आत हिने ॲम्प्युल पास मालाच्या हिरव्या ट्रेमध्ये टाकली असणार!

"अगं बये, तुझे डोळे ठीक आहेत! गाणं फास्ट होतं!"

"ते मला पण कळलं नंतर. म्हणून तर शपथ घेतली, आता कामावर गाणंच नाय. गाण्याने माझा घात केला."

आता मला सगळी संगती लागली. गाणं सोडलं आणि हेमा एकेका ॲम्प्युलकडे वीस-वीस सेकंद टक लावून बघायला लागली. इतका वेळ बघितलं तर डोळे शिणतात आणि चांगल्यातही काहीतरी चमकतं. मग थकून पुढच्या चार भराभर टाकायची, त्यात खरी काच सुटायची. हिला हिंमत हवी होती हे खरं, पण माझी स्टोरी ऐकून ती येणार नव्हती. तिचं गाणं तिला परत मिळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ट्रेनिंगचा ट्रे काढला. त्याला परवानगी होती. पहिले दोन दिवस हेमाच्या तोंडून गाणं निघेना. निघालं तर मध्येच ते डीजेवालं घुसायचं. पिंकी म्हणाली, "दीदी, आप ज़ोर से गाओ, शरमाओ मत." मग आम्ही आधी कँटीनच्या मागे नळाजवळ उभं राहून गाणं मोठ्याने म्हणायचो, तिघी, आणि मग ट्रेवर बसायचो. माझा आवाज तुम्ही ऐकला नाहीत ते बरंच आहे. चौथ्या दिवशी हेमा स्वतःच म्हणाली, "मावशी, आज बुडबुडा वर जाताना दिसला." म्हणजे थांबून बघत होती. सहाव्या दिवशी तिने पिंकीला हळदीचा नाच करून दाखवला आणि लगेच बसून वीस ॲम्प्युल संथपणे केल्या. मी म्हटलं, झालं, आता ते गाणं हिला चावणार नाही.

एक मात्र मी विसरले. परीक्षेची खोली लहान असते, आणि तिथे मशीनचा आवाज नसतो. एरवी परीक्षेत पोरी मनातच म्हणायच्या, पण नळाजवळच्या सरावाने हेमाचा आवाज चढला होता.

तिसऱ्या परीक्षेला चौथी ॲम्प्युल झाली आणि नेहा मॅडमनी पेन खाली ठेवलं. "थांबा. हा आवाज कसला?"

हेमाने गाणं थांबवलं. हात हवेत.

"गाताय तुम्ही? परीक्षेत?"

आता मी बोलले नसते तर ती गेलीच होती. आणि बोलले तर इतक्या वर्षांचं बिंग फुटणार होतं, तेही ऑडिट महिन्यावर असताना. मी म्हटलं, "मॅडम, ती गात नाही. मोजतेय. मीच शिकवलंय." आणि सगळं सांगून टाकलं. अर्धी ओळ काळ्यापुढे, अर्धी पांढऱ्यापुढे, प्रत्येकीचं गाणं, कण कसा सुटला ते, हळदीसकट.

मॅडम ऐकत राहिल्या. "मावशी, हे एसओपीत कुठे लिहिलंय?" एसओपी म्हणजे कामाचा लिहिलेला नियम. आमच्याकडे पाणी प्यायचाही असतो.

"एसओपीत पाच-पाच सेकंद लिहिलेत, मॅडम. ते कसे मोजायचे ते नाही लिहिलं."

"मनात मोजायचे. एक ते पाच. सोपं आहे."

"मग तुम्ही मोजून दाखवा," मी म्हटलं. कुठून एवढं धाडस आलं देव जाणे. "स्टॉपवॉच आहे समोर."

मॅडम तरुण होत्या, पण सरळ होत्या. त्यांनी स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं, ॲम्प्युल उचलली आणि मनात मोजलं. "झाले पाच."

"साडेतीन," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा केलं, आता जपून. साडेसात झाले. तिसऱ्यांदा चार. मास्कच्या वर त्यांचे डोळे हसायला लागले, ते त्यांनाही लपवता आले नाहीत.

"हेमा, आता तुम्ही करा. तीन ॲम्प्युल. घड्याळ मी लावते."

हेमाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने डोळे मिटून एक ओळ आधी नुसतीच म्हटली, मग हात पुढे केला. पहिलीला काळ्यापुढे पाच आणि थोडं, पांढऱ्यापुढे पाच आणि थोडं. दुसरी तशीच. तिसरी तशीच.

मॅडमनी आधीचा कागद बाजूला ठेवला आणि कोरा घेतला. "पहिल्यापासून सुरू करा. आवाज मास्कच्या बाहेर यायला नको."

शंभर ॲम्प्युल व्हायला मध्ये डोळ्यांची विश्रांती धरून अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. तो वेळ मी भिंतीला टेकून काढला. माझे ओठ तिच्याबरोबर हलत होते. एका ॲम्प्युलला ती थांबली. काळ्यापुढे पुन्हा धरली, पुन्हा तीच अर्धी ओळ, आणि ठामपणे लाल ट्रे. परीक्षेसाठी मिसळलेल्यांतली सगळ्यात बारीक काच होती ती. मागच्या दोन्ही वेळेला सुटलेली.

खराब सगळ्या सापडल्या. चांगल्या दोन बाद झाल्या. पास.

हेमा रडली नाही. बाहेर येऊन टोपी काढली आणि म्हणाली, "मावशी, तहान लागली. अर्धा तास गाऊन बघा तुमी."

माझं बिंग फुटलं त्याचं काय झालं? मेमो मिळाला नाही. मॅडमनी प्रत्येक बूथला एक छोटं यंत्र लावून घेतलं. ते दर पाच सेकंदांनी बीप करतं. एसओपीत बीप आहे, गाण्याचा उल्लेख नाही. पहिल्या आठवड्यात पोरींची तक्रार आली की बीप गाण्याच्या मध्ये येतो. मग ज्यांची ओळ बीपला बसत नव्हती त्यांनी गाणी बदलली, आणि त्यावरून दोन दिवस कँटीनमध्ये भांडणं चालली. हेमाला बदलावं लागलं नाही. ती अजून तिथेच आहे, नवीन पोरींना आता ती गाणी शोधून देते.

सिनेमा-गाण्यांनी धीर येतो असं मी जन्मभर सांगत आले. आजही सांगते. फक्त खचलेल्या माणसाला स्टोरी ऐकवायच्या आधी त्याचं स्वतःचं गाणं कुठे सुटलं ते विचारा, आणि ओळ किती सेकंदांची आहे ते घड्याळ लावून बघा.